काम सुटत नसेल तर काय करायचं: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या कष्टकरी घरांसाठी

उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपचे हिशेब लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. जॉबवर्कची बिलं, कामगारांचे पगार, बँकेचे हप्ते सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे कुणाचं कर्ज कधी फिटलं हे मला कळतं, आणि कर्ज फिटल्यावरही रात्री दहापर्यंत शटर कुणाचं उघडं असतं हेही कळतं. हा लेख त्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. पैशाची नड संपली तरी त्यांचं काम संपत नाही. सुटीच्या दिवशी अंग कसंतरी होतं, जेवताना फोन खाली ठेवला जात नाही, आणि घरचं कुणी बोललं की ‘हे सगळं कुणासाठी करतोय?’ हे उत्तर तयार असतं.

आपल्या भागात हे दुखणं ओळखणं अवघड, कारण इथं कष्टाला मान आहे. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीकडची कितीतरी माणसं पहाटे शिवारात, दिवसा कंपनीत आणि संध्याकाळी परत शिवारात असतात. वडगाव-शहापूरला मागावर जेवढं विणाल तेवढी मजुरी. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बाईच्या मांडीवरचं सूप दिवेलागण झाली तरी खाली उतरत नाही. अशा ठिकाणी ‘जरा थांब’ म्हणणारा आळशी ठरतो. कचेऱ्यांत ‘कायकवे कैलास’, म्हणजे कष्ट हाच कैलास, अशी पाटी आपण रोज वाचतो. पण बसवण्णांच्या विचारात कायकाच्या जोडीला दासोह आहे, म्हणजे मिळवलेलं वाटून घेणं. दासोहाला घरी वेळेवर पोचलेला माणूस लागतो, हे आपण विसरलो.

पहिली पायरी: नड आहे की ओढ?

दोन माणसं रोज चौदा तास राबतात. एकाच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज आहे आणि मालक ओटीला, म्हणजे जादा कामाला, नाही म्हणू देत नाही. दुसऱ्याचं कर्ज फिटलंय, पोरगा कमावता झालाय, तरी तो रविवारी वर्कशॉपची किल्ली घेऊन बाहेर पडतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. पहिल्याला विश्रांतीचं महत्त्व सांगणं हा त्याचा अपमान आहे. त्याला पैशाचा आणि हक्काचा मार्ग हवा. दुसऱ्याला पैसे वाढवून दिले तर तो आणखी काम घेईल.

स्वतःला एक प्रश्न विचारा. पुढच्या रविवारी काम न करताही तेवढेच पैसे मिळणार असतील तर काय वाटेल? सुटल्यासारखं वाटलं तर नड. पोटात गोळा आला, ‘मग दिवसभर करू काय?’ असं वाटलं तर ओढ. बहुतेक घरांत दोन्ही थोडं थोडं असतं. नडीतून सुरुवात होते आणि नड गेली तरी ओढ मागं राहते.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये यासाठी सात प्रश्नांची एक मोजपट्टी मांडली. गेल्या वर्षभराचा विचार करून उत्तर द्यायचं असतं. कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार करत राहता का? ठरवलं त्यापेक्षा खूप जास्त वेळ कामात जातो का? अपराधीपणा, काळजी, हतबलता किंवा उदासी दाबण्यासाठी काम करता का? इतरांनी कमी कर म्हटलं तरी ऐकत नाही का? काम करू दिलं नाही तर जीव कासावीस होतो का? छंद, विरंगुळा, व्यायाम कामापायी मागं पडले का? कामामुळे तब्येत बिघडली का? सातापैकी निदान चार प्रश्नांना ‘अनेकदा’ किंवा ‘नेहमी’ असं उत्तर आलं तर गोष्ट गंभीर आहे. हे डॉक्टरी निदान नव्हे. आजारांच्या अधिकृत यादीत कामाच्या व्यसनाला अजून वेगळी जागा नाही. पण चार उत्तरं आली तर हा लेख शेवटपर्यंत वाचा, आणि शक्य असेल तर तेच सात प्रश्न बायकोला किंवा नवऱ्याला तुमच्याबद्दल विचारा. त्यांची उत्तरं तुमच्यापेक्षा खरी असतात.

ज्यांची नुसती नडच आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथंच सांगतो. कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी आणि जादा कामाला दुप्पट दर हे कायद्यानं आहे. लहान वर्कशॉपला सगळे नियम लागू होतीलच असं नाही, म्हणून कामगार खात्यात किंवा युनियनवाल्यांकडं आधी विचारून घ्या. ही सुटी कुणी दानात दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं झगडले, आणि १० जून १८९० पासून तिथल्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. दुसरं म्हणजे, ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. ताप अंगावर काढून पाळीला जाणाऱ्या अनेकांना हे माहीतच नसतं. कार्ड असेल तर ते वापरा.

दुसरी पायरी: वेळापत्रकाआधी शरीर

सवय बदलायला महिने लागतील. रक्तदाब तेवढा थांबत नाही, म्हणून हे याच आठवड्यात करा.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जगभरचा अंदाज एकत्र मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात अशा कामापायी ७ लाख ४५ हजार माणसं गेली. ५५ तास म्हणजे आपल्याकडं फारसे नाहीतच. सकाळी आठ ते रात्री आठ, मध्ये तासभर जेवण, सहा दिवस: झाले ६६.

म्हणून रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं वारंवार येत असेल तर ‘सीझन संपू दे, मग बघू’ म्हणू नका. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक झालं तर सरळ मोठ्या दवाखान्यात. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम फुटणं हे ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन घालवायचं दुखणं नव्हे.

झोपेबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो, कारण झोप अपुरी असली की मशीनमध्ये बोटं जातात. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात, असं प्रयोगांतून दिसलंय. आपल्याकडं गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे डबल पाळी मारून पॉवर प्रेसवर बसलेला किंवा मध्यरात्री खानापूर रोडनं बाईकवरून घरी निघालेला माणूस, थेंबभर न पिता, प्यायलेल्यासारखा असतो. हात गेल्यावर ओटीचा दर कितीही असला तरी काय करायचा? मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. ‘मला चार तास पुरतात’ म्हणणारा बहुतेक वेळा थकव्याला सरावलेला असतो.

तिसरी पायरी: पंधरा दिवस वही लिहा

ही पायरी गाळू नका. ओढ असलेल्या माणसाला आपण किती वेळ कामात असतो हे खरंच ठाऊक नसतं. साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नको, तिथं परत ऑर्डरचे मेसेज दिसतात. रोज चार गोष्टी लिहा: काम सुरू केलं कधी, थांबलो कधी, जेवलो कुठं आणि कसं, आणि ठरलेल्या वेळेनंतर जे केलं ते केलं नसतं तर काय बिघडलं असतं.

एका लेथवाल्याचं पान साधारण असं दिसेल:

‘मंगळवार. ७.४० शटर. १.१५ जेवण, उभ्यानं. ६.३० कामाची पोरं घरी गेली. ६.३० ते ९.५०: उद्याच्या जॉबचं ड्रॉइंग परत बघितलं, टूल लावून ठेवलं, दोन कोटेशन, झाडलोट. थांबलो असतो तर: काही नाही. ९.५० घरी फोन, निघालो म्हणून. १०.२५ घरी.’

या पानात दोन ठिकाणी बोट ठेवा. ड्रॉइंग ‘परत’ बघितलं. आणि ‘निघालो’ म्हटल्यावर दहा मिनिटांच्या अंतराला पस्तीस मिनिटं लागली. ओढ अशाच जागी लपलेली असते. मोठ्या ऑर्डरच्या रात्री ती दिसत नाही, कारण तेव्हा कारण खरं असतं.

पंधरा दिवसांनी हिशेब करा. समजा खर्च जाऊन महिन्याला ६० हजार उरतात आणि ३४० तास जातात, तर तासाला साधारण १७६ रुपये पडले. वहीतून दिसलं की त्यातल्या शंभर तासांत बिलावर चढेल असं काहीच झालं नाही. मग तेच ६० हजार २४० तासांत येतात, तासाला २५०. शंभर तास फुकट गेले, आणि ते घरातून गेले. मागवाल्यांनी, शिवणकाम करणाऱ्यांनी, ट्यूशन घेणाऱ्या मास्तरांनीही हाच हिशेब करून बघावा. ज्यांचे सगळेच तास खरोखर कमावते निघतात, त्यांचं दुखणं दराचं आहे. त्यांनी तास वाढवण्याआधी दर वाढवून मागावा.

चौथी पायरी: ओढ कुठून येते ते बघा

वहीतल्या फुकट तासांपाशी थांबून आठवा, त्या वेळी मनात काय चाललं होतं. काहींना भीती असते. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने मशीन बंद राहिलेल्यांना रिकामं मशीन बघवत नाही, मग ते आज कितीही धंदा असो. काहींना लहानपणापासून शाबासकी फक्त राबल्यावरच मिळाली. रिकामं बसलं की कानात वडिलांचा आवाज येतो.

आणि काहींना घरी जायचं नसतं. हे लिहायला जड जातं, पण तिन्हींत हेच सर्वांत चिवट. घरात सासू-सुनेचा अबोला असेल, मूल आजारी असेल, नवरा-बायकोत बोलणंच उरलं नसेल, तर वर्कशॉपमध्ये सगळं सरळ असतं: मायक्रोमीटर खोटं बोलत नाही, जॉब पास तरी होतो किंवा रिजेक्ट तरी. मग माणूस तिथंच थांबतो, त्यामुळे घर आणखी बिघडतं, आणि बिघडलेल्या घरी जायला आणखी उशीर होतो. तुमचं कारण हे असेल तर नुसतं शटर लवकर ओढून भागणार नाही. सातवी पायरी आधी वाचा.

पाचवी पायरी: एकच कड कापा

उद्यापासून सहाला घरी, रविवार बंद, फोन बंद असं एकदम काही करू नका. चौथ्या दिवशी मोडतं आणि ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच शिल्लक राहतं. वहीतली सर्वांत फुकट कड शोधा. बहुतेकांची ती रात्रीची असते. आज सरासरी ९.५० ला निघत असाल तर पहिला आठवडा ९.१५, पुढचा ८.४५, असं खाली या. थांबण्याच्या वीस मिनिटं आधी गजर लावा. त्या वेळात उद्याच्या पहिल्या तीन कामांची चिठ्ठी लिहून मशीनला चिकटवा. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात फिरत राहतं. कागदावर उतरलं की ते बरंच शांत होतं.

गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही, म्हणून आधी सांगून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच पाठवा: ‘नमस्कार साहेब, या महिन्यापासून रात्री साडेआठनंतर फोन घेणार नाही. सकाळी साडेसातला पहिला फोन तुमचाच करतो. ब्रेकडाऊनचं काम असेल तर मेसेजमध्ये ब्रेकडाऊन एवढंच लिहा, बघतो.’ मोठ्या कंपन्यांचे खरेदीवाले स्वतः सहाला घरी जातात. त्यांचे रात्रीचे मेसेज बहुतेक वेळा सकाळी कामावर दिसावेत म्हणून टाकलेले असतात.

एक सावधगिरी. वर्कशॉपचे तास कमी केले आणि शिवारात वाढवले, किंवा गणपती मंडळाचा सगळा भार अंगावर घेतला, किंवा घर बांधायला काढलं, तर ओढीनं नुसती जागा बदलली. मंडळ चांगलंच असतं, रताळ्याची लावणीही करावीच लागते. पण वहीत तेही तास लिहा.

सहावी पायरी: पहिले काही आठवडे

चिडचिड होईल. डोकं दुखेल, झोप उलट कमी लागेल, पोरांचा आवाज सहन होणार नाही. घरचे म्हणतील, ‘कामावर होतास तेच बरं होतं.’ हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी घाबरणार नाही. हळूहळू ते ओसरतं. मोकळा झालेला तास दारूनं किंवा मोबाईलनं भरू नका. हातापायाला काम देणारी पण मोजता न येणारी गोष्ट घ्या: बायकोसोबत भाजीला जाणं, पोराला सायकलवर फिरवणं, देवळात भजनाला बसणं. पावलं मोजत किल्ला चढू नका. तिथंही टार्गेट तयार होतं.

सातवी पायरी: घर

घरच्यांनी टोमणे बंद करावेत. ‘आलात? वाटलं वर्कशॉपातच अंथरूण टाकलं’ यानं उद्या आणखी उशीर होतो. पण झाकाझाकही करू नये. मुलाच्या शाळेतल्या बैठकीला बाप आला नाही तर ‘त्यांना बरं नाही’ असं खोटं सांगायचं नाही. आणि एक कठीण गोष्ट: घरच्या मागण्याही तपासा. मोठा टीव्ही, शेजाऱ्यांपेक्षा मोठं लग्न आणि ‘वेळ देत नाही’ ही तक्रार एकाच तोंडून येत असेल तर राबणाऱ्याला सुटका नाही.

बोलायला बसाल तेव्हा रात्री दहाला, भुकेल्या पोटी नको. सुरुवात अशी करून बघा:

‘अहो, मी पैशाचं काही म्हणत नाही. बुधवारी पोरगी झोपायच्या आत तुम्ही घरी हवेत, एवढंच मागते.’

‘बुधवारी डिस्पॅच असतो गं.’

‘मग कुठला वार जमेल, तुम्हीच सांगा.’

एक वार, एक वेळ, आणि ठरवणाऱ्याचा शब्द. ‘तुम्हाला आमची काळजीच नाही’ या वाक्याला उत्तर नसतं, ‘कुठला वार?’ याला असतं. आणि तो वार पाळला नाही तर दुसऱ्या दिवशी भांडण न करता वहीत लिहा.

बाईचं जास्तीचं काम ही वेगळी गोष्ट आहे. दिवसभर विड्या वळून किंवा शिलाई करून तीच स्वयंपाक, धुणी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी बघत असेल, तर तिला ‘ताई, स्वतःसाठी वेळ काढा’ म्हणून काही होत नाही. तिच्या वहीतले तास घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवेत, नावानिशी: सकाळचं पाणी नवरा भरेल, भांडी थोरला घासेल. ‘मदत करतो’ नको. ते काम आता त्याचं.

हंगाम कुणाला चुकत नाही. उसाचा गाळप हंगाम असो, लग्नसराईच्या साड्या असोत की दिवाळीच्या ऑर्डरी, तेव्हा तास वाढणारच. फक्त हंगाम सुरू होताना त्याची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा आणि त्यानंतरचे तीन दिवस आधीच रिकामे ठेवा. तारीख नसलेला हंगाम वर्षभर चालतो.

आठवी पायरी: आपल्यानं होत नसेल तर

दोन महिने प्रामाणिकपणे करूनही तास खाली आले नाहीत, किंवा थांबल्यावर उदासी, रडू, मरणाचे विचार येत असतील तर वाट बघू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे. ती वीस भाषांत चालते. फोन लागल्यावर मराठीत बोलायचंय असं आधीच सांगा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था, डिमहान्स, इथून साधारण ७५ किलोमीटर. कागदपत्रं कन्नडमध्ये असली म्हणून बिचकू नका, डॉक्टरांशी बोलताना मराठीतच बोला. आपल्या भागात समजणारं कुणी ना कुणी असतंच.

एक लक्षण वेगळं ओळखा. नेहमी बेताबेतानं चालणारा माणूस अचानक दोन-तीन तासच झोपतो, तरी ताजातवाना असतो, भराभर बोलतो, तीन नवी मशीनं एकदम बुक करतो, उधारी वाटत सुटतो, आणि हे आठवडाभर चालतं. हा कष्टाळूपणा नव्हे आणि नुसती ओढही नव्हे. हा मनोवस्थेचा आजार असू शकतो, त्याला औषध आहे. अशा वेळी वही-बिही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या, आणि तोवर चेकबुक घरातल्या दुसऱ्या माणसाकडं असू द्या.

डॉक्टरकडं जाताना पंधरा दिवसांची वही सोबत न्या. तिथं ‘मी तसा ठीक आहे, हिनंच आणलंय’ असं प्रत्येक जण म्हणतो. वही डॉक्टरांच्या हातात द्या आणि त्यांना पानं उलटू द्या.